डॅनिशचे लांबलचक जोडशब्द: आधी पदं तोडा, मग अक्षरं

डेन्मार्कमध्ये नोकरीला आलेल्या माणसाच्या हातात पहिल्या काही महिन्यांत जी पत्रं पडतात, त्यांतला बहुतेक प्रत्येक कामाचा शब्द जोडशब्द असतो. राहण्याचा परवाना, आरोग्यकार्ड, घरभाडं, वर्षाचा कर-हिशेब, बेकारीचा विमा. यांतलं एकेक डॅनिशमध्ये सलग, मधे जागा न सोडता, एकाच शब्दात लिहितात. वाचणारा डावीकडून एकेक अक्षर जुळवत निघतो आणि मध्यावर येईपर्यंत सुरुवात विसरतो. लिहिताना तोच माणूस इंग्रजीच्या सवयीने शब्द सुटे लिहितो, नाहीतर मधला ‘स’ अंदाजाने घालतो किंवा गाळतो.

बहुतेक चुका कामाचा क्रम उलटा धरल्याने होतात. आधी शब्दाची पदं सुटी करायची, मग सांधे ओळखायचे, आणि अक्षरविभागणी, म्हणजे उच्चाराचे तुकडे (सिलॅबल) पाडणं, सगळ्यात शेवटी. शाळेत समासाचा विग्रह केलेल्या माणसाला हे काम परकं नाही.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात डॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे न देता स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत उतरवले आहेत, कारण पदं स्पेलिंगमध्येच दिसतात. आडवी रेघ मारलेल्या ओ ला ‘ओ’, डोक्यावर गोल असलेल्या ए ला ‘ऑ’ आणि ए-ई चिकटलेल्या अक्षराला ‘ॲ’ लिहिलं आहे. उच्चार कानानेच शिकावा लागेल.

## तयारी

दोन गोष्टी जवळ ठेवा. पहिली, डॅनिश भाषामंडळाचा अधिकृत शुद्धलेखनकोश. तो इंटरनेटवर फुकट आहे. त्याचा खरा उपयोग असा, की अनेक नामांच्या नोंदीत तो शब्द समासाच्या सुरुवातीला आला तर कोणतं रूप घेतो तेही दिलेलं असतं. दुसरी गोष्ट, तुमच्याच पत्रांतून काढलेले वीसेक शब्द. पाठ्यपुस्तकातल्या यादीपेक्षा स्वतःच्या भाडेकराराचे शब्द लवकर बसतात.

प्रत्येक नाम ‘एन’ किंवा ‘एट’ या लिंगदर्शक शब्दासकट लिहा. हे टाळलंत तर पहिल्याच टप्प्यावर अडाल.

## टप्पा १: शेवटचं पद पकडा

डॅनिश जोडनाम बहुतांशी आपल्या तत्पुरुषासारखं चालतं, म्हणजे उत्तरपद प्रधान. शेवटचं पद वस्तू काय आहे ते सांगतं आणि आधीची पदं ती कसली, कुणाची, कशासाठी ते सांगतात. म्हणून वाचायला शेवटाकडून लागा.

‘ओपहोल्डस्टिल्लाडेल्से’ घ्या. शेवटी ‘टिल्लाडेल्से’, म्हणजे परवानगी. उरलं ‘ओपहोल्ड’, म्हणजे वास्तव्य, आणि मधे एक ‘स’. राहण्याचा परवाना. ‘ऑर्सओपगोरेल्से’ मध्ये शेवटी ‘ओपगोरेल्से’, हिशेब. आधी ‘ऑर’, वर्ष. करखात्याचा वार्षिक हिशेब तो हाच.

लिंग आणि अनेकवचनही शेवटचं पदच ठरवतं. घर म्हणजे ‘एट हुस’, किल्ली म्हणजे ‘एन नोग्ले’. म्हणून घराची किल्ली ‘एन हुसनोग्ले’, आणि ‘ती किल्ली’ म्हणायचं तर ‘हुसनोग्लेन’. सुरुवातीला ‘हुस’ दिसलं म्हणून ‘एट’ लावणं ही नेहमीची चूक आहे. मराठीत ‘राजवाडा’ पुल्लिंगी आहे तो वाड्यामुळे, राजामुळे नव्हे, इतकं ध्यानात ठेवलं तरी भागेल.

तपासा: शब्दाच्या आधी ‘एक’ लावून शेवटचं पद तेवढं म्हणा. ‘एक परवानगी’, ‘एक हिशेब’, ‘एक किल्ली’. अर्थ लागला तर पकड बरोबर आहे. नाही लागला, तर तुम्ही पद मधेच कुठेतरी तोडलं आहे.

## टप्पा २: मोठा सांधा शोधा

दोन पदं असतील तर सांधा एकच. तीन किंवा चार असली की प्रश्न येतो: कोण आधी कुणाशी जोडलं गेलं? इथे घाई केली तर अर्थ जातो.

बेकारीचा विमा: ‘आर्बेय्ड्सलोसहेड्सफोरसिक्रिंग’. दोन ठिकाणी सांध्यातला ‘स’ आहे, पण त्यांचा मान सारखा नाही. मोठा सांधा दुसरा: ‘आर्बेय्ड्सलोसहेड’ आणि ‘फोरसिक्रिंग’, म्हणजे बेकारी आणि विमा. पहिला ‘स’ बेकारी या शब्दाच्या पोटातला आहे: ‘आर्बेय्ड्स’ काम, ‘लोस’ विना, ‘हेड’ हा भाववाचक प्रत्यय. पहिल्या ‘स’ पाशी तोडून ‘काम’ आणि ‘विनापणाचा विमा’ असं वाचलं तर हाती काहीच लागत नाही.

शेवटचं पद पकडणं म्हणजे नेहमी शेवटच्या सांध्यावर तोडणं, असंही नाही. डेन्मार्कमध्ये पगारातून कापली जाणारी एटीपी पेन्शन १९६४ पासून चालू आहे. तिचं पूर्ण नाव दोन सुट्या शब्दांचं आहे, ‘आर्बेय्ड्समार्केडेट्स टिल्लॅग्सपेन्शिओन’. सरावापुरतं ते एका शब्दात जोडून पाहू: ‘आर्बेय्ड्समार्केड्सटिल्लॅग्सपेन्शिओन’. पदं चार: काम, बाजार, भर, पेन्शन. पण जोडणी दोन-दोनाची आहे. ‘आर्बेय्ड्समार्केड’ म्हणजे श्रमबाजार, ‘टिल्लॅग्सपेन्शिओन’ म्हणजे पूरक पेन्शन, आणि मोठा सांधा बरोबर मध्ये. श्रमबाजाराची पूरक पेन्शन.

मोठा सांधा ओळखायची एक खूण भाषेनेच ठेवली आहे. दोन पदांत जिथे ‘स’ लागत नाही, तिथे तिसरं पद आधी जोडलं की पुष्कळदा ‘स’ येतो. वाइनचा पेला ‘विनग्लास’, ‘स’ नाही. तांबडी वाइन ‘रोडविन’. तांबड्या वाइनचा पेला मात्र ‘रोडविन्सग्लास’. तसंच टेबलावरचा दिवा ‘बोर्डलाम्पे’, पण लिहिण्याच्या टेबलावरचा ‘स्क्रिवेबोर्ड्सलाम्पे’. हा ‘स’ वाचणाऱ्याला सांगतो की डावीकडचं सगळं एक गाठोडं आहे, इथे तोडा.

सावधान: ही खूण आहे, कायदा नव्हे. कोपनहेगनचा प्रसिद्ध नगरभवन-चौक ‘रॉडहुसप्लाड्सेन’. त्यात ‘रॉड’, ‘हुस’ आणि ‘प्लाड्स’ अशी तीन पदं आहेत, तरी मधे जादा ‘स’ नाही. कारण पुढे येईलच: ‘हुस’ आधीच ‘स’ ने संपतो.

## टप्पा ३: सांध्यात काय घालायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबू.

सांध्यात काहीच नसेल, ‘स’ असेल, ‘ए’ असेल, क्वचित ‘एर’ किंवा ‘एन’. एकाच शब्दाचे तीन समास पाहा. ‘लांड’ म्हणजे जमीन, देश. ‘लांडमांड’ शेतकरी. ‘लांड्सब्यू’ खेडं. ‘लांडेवेय’ गावाबाहेरचा मोठा रस्ता. पूर्वपद तेच, सांधे तीन. यात तर्क शोधू नका. आपणही घोड्याची ‘घोडदौड’ करतो आणि त्यावर ‘घोडेस्वार’ बसवतो, आणि पाण्याच्या बाबतीत ‘पाणपोई’ व ‘पाणीपुरवठा’ दोन्ही चालवतो. परक्या माणसाने कारण विचारलं तर आपल्याला चटकन सांगता यायचं नाही.

तरीही पुष्कळसा भाग नियमात बसतो.

पूर्वपद ‘हेड’, ‘स्काब’, ‘डोम’, ‘इंग’, ‘एल्से’, ‘टिओन’, ‘टेट’ यांपैकी एखाद्या प्रत्ययाने संपत असेल तर ‘स’ घाला. ‘सुंडहेड’ आरोग्य, म्हणून ‘सुंडहेड्सकोर्ट’ आरोग्यकार्ड. ‘एयेनडोम’ स्थावर मालमत्ता, म्हणून ‘एयेनडोम्समॅग्लेर’ घरांचा दलाल. ‘उनिवेर्सिटेट’ विद्यापीठ, म्हणून ‘उनिवेर्सिटेट्सहोस्पिटाल’. सरकारी भाषेतले निम्मेशिम्मे लांब शब्द याच एका नियमात उरकतात असं माझं मत आहे, कारण सरकारी भाषा भाववाचक नामांवरच जगते.

पूर्वपद स्वतःच ‘स’ ने संपत असेल तर आणखी ‘स’ घालू नका. ‘हुस’, ‘प्लाड्स’, ‘प्राक्सिस’ हे तसेच पुढे जोडले जातात.

पूर्वपद क्रियापद असेल तर त्याचं ‘ए’ कारान्त मूळ रूप येतं. कपडे धुण्याचं यंत्र ‘वास्केमास्किने’, लिहिण्याचं टेबल ‘स्क्रिवेबोर्ड’.

‘ए’ ने संपणारी साधी नामं बहुधा तशीच जोडली जातात: ‘काफ्फेकोप’, कॉफीचा कप. पण काम या अर्थाचा ‘आर्बेय्डे’ समासात ‘ए’ टाकतो आणि ‘स’ घेतो: ‘आर्बेय्ड्स’. हा शब्द रोज लागतो, तेव्हा त्याचं समासरूप वेगळंच पाठ करा.

काही पूर्वपदं अनेकवचनी रूपात येतात, काही येत नाहीत. बालवाडी ‘बोर्नेहावे’, त्यात मुलं अनेक. बाबागाडी ‘बार्नेवोग्न’, त्यात मूल एक. इथे अर्थ जुळतो खरा, पण प्रत्येक वेळी जुळेल या भरवशावर राहू नका. डोळ्यांचा डॉक्टर ‘ओयेनलॅगे’, त्यातला ‘एन’ जसाच्या तसा लक्षात ठेवावा लागतो.

सावधान: सांध्यातला ‘स’ षष्ठीचा ‘स’ वाटतो, पण त्याला ‘चा-ची-चे’ समजून वागू नका. षष्ठी असती तर दोन सुटे शब्द झाले असते. आणि अर्थामध्ये ‘चा’ आहे म्हणून दरवेळी ‘स’ येतोच असंही नाही. घरभाडं ‘हुसलेये’, सांधा मोकळा.

## टप्पा ४: दोन सारखी अक्षरं शेजारी आली तर

सांध्यातला ‘स’ आणि पुढच्या पदाचा ‘स’ शेजारी आले की दोन्ही लिहायचे. विमा कंपनी ‘फोरसिक्रिंग्ससेल्स्काब’: एक ‘स’ सांध्याचा, एक ‘सेल्स्काब’ चा. विद्यार्थ्यांना मिळणारं सरकारी अनुदान, ज्याला सगळे एसयू म्हणतात, त्यातला दुसरा शब्द ‘उड्डान्नेल्सेसस्टोट्टे’. तिथेही दोन. बोलताना एकच ऐकू येतो, त्यामुळे लिहिताना एक हमखास गळतो.

स्वरांचंही तसंच. शाळेतला विद्यार्थी ‘स्कोलेएलेव’, दोन ‘ए’ शेजारी शेजारी. आपल्याकडच्या संधीसारखं इथे काही वितळत नाही.

तपासा: सांध्यावर पेन्सिलीने उभी रेघ मारा. रेघेच्या दोन्ही बाजूंची पदं स्वतंत्रपणे पूर्ण दिसली पाहिजेत.

## टप्पा ५: सलग लिहा, आणि आडवी रेघ कुठे ते ठरवा

सुटं लिहिलं की अर्थ बदलतो. ‘डान्स्क लॅरर’ म्हणजे डेन्मार्कचा असलेला शिक्षक, मग तो गणित का शिकवेना. ‘डान्स्कलॅरर’ म्हणजे डॅनिश भाषेचा शिक्षक, मग तो साताऱ्याचा का असेना. ‘स्टोर ब्यू’ मोठं गाव, ‘स्टोरब्यू’ महानगर.

फोनच्या शब्दतपासकावर विसंबू नका. लांब पण अचूक जोडशब्द त्याच्या यादीत नसला की तो लाल रेघ मारतो, तुम्ही जागा सोडली की रेघ जाते, आणि चूक पक्की होते.

आडवी रेघ मोजक्याच ठिकाणी येते. पूर्वपद आद्याक्षरांचं असेल तर: ‘सीपीआर-नुम्मेर’ (नागरिक नोंदणी क्रमांक), ‘आयटी-आफडेलिंग’ (आयटी विभाग). पूर्वपदच दोन सुट्या शब्दांचं नाव असेल तर, शेवटच्या सांध्यावर एकदाच: न्यूयॉर्कची सहल ‘न्यूयॉर्क-टुर’, पण डॅनिशमध्ये ‘न्यू’ आणि ‘यॉर्क’ मधली जागा तशीच राहते.

तिसरी जागा तुम्हाला पहिल्याच अर्जात भेटेल. ‘कामाचा आणि राहण्याचा परवाना’ म्हणताना परवाना शब्द दोनदा लिहीत नाहीत: ‘आर्बेय्ड्स- ओग ओपहोल्डस्टिल्लाडेल्से’. पहिल्या पदामागे लोंबती रेघ. ती पदाला चिकटून येते, तिच्यानंतर जागा, आणि सांध्यातला ‘स’ रेघेच्या आधी शाबूत. रेघ गाळून ‘आर्बेय्डे ओग ओपहोल्डस्टिल्लाडेल्से’ लिहिलंत तर अर्थ होतो ‘काम, आणि राहण्याचा परवाना’. अर्ज बाद होणार नाही, पण वाचणारा क्षणभर थबकेल.

## टप्पा ६: आता अक्षरं आणि आघात

पदं मोकळी झाल्यावरच अक्षरविभागणीला हात घाला. प्रत्येक पदाची वेगळी करा, सांधा ओलांडून कधीच नको. एका अक्षरात स्वर एकच. ‘टिल्लाडेल्से’: टिल-ला-डेल-से. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या अक्षरात जातं, दोन असतील तर सहसा एक इकडे एक तिकडे.

सांधा ओलांडला की काय होतं पाहा. हवामानाचा अंदाज ‘वेयरुडसिग्ट’. पदं ‘वेयर’ (हवामान) आणि ‘उडसिग्ट’ (अंदाज). आधी अक्षरं पाडणारा ‘वेय-रुड-सिग्ट’ असं तोडतो, आणि ‘वेय’ म्हणजे तर रस्ता. घरमालक ‘हुसएयेर’: पदं ‘हुस’ आणि ‘एयेर’. एक व्यंजन पुढे ढकलण्याचा नियम अख्ख्या शब्दाला लावला तर ‘हु-से-येर’ होतं आणि मालक नाहीसा होतो. प्रवक्ता किंवा मुखपत्र या अर्थाचा ‘टालेरोर’ तर फसवाच आहे. ‘टाले’ बोलणं, ‘रोर’ नळी. पण ‘टालेर’ म्हणजे वक्ता हाही खराखुरा शब्द असल्याने डोळा तिकडे घसरतो. अशा वेळी उरलेला तुकडा तपासा. ‘टालेर’ नंतर उरणाऱ्या ‘ओर’ चा इथे अर्थ लागत नाही.

उच्चारात मुख्य आघात सर्वसाधारणपणे पहिल्या पदावर असतो, पुढच्या पदांवर हलका. मराठी माणूस सगळ्या पदांना सारखंच वजन देतो आणि ऐकणाऱ्याला दोन सुटे शब्द ऐकू येतात. ‘डान्स्क लॅरर’ आणि ‘डान्स्कलॅरर’ मधला फरक बोलताना केवळ आघातावर उभा आहे. शिवाय डॅनिशमध्ये आवाज गळ्यात क्षणभर अडखळतो, तो ‘हुस’ मध्ये असतो पण ‘हुसलेये’ मध्ये बहुधा निघून जातो. एकाक्षरी पूर्वपदांचं असं वरचेवर होतं. म्हणजे सुटा शब्द घोकून आलेला उच्चार समासात जसाच्या तसा बसवू नका.

आणखी एक देवनागरीची खोड: ‘ड्स’ दिसलं की आपली जीभ ‘डस’ करते आणि एक अक्षर वाढवते. ‘लांड्सब्यू’ दोन अक्षरांचा शब्द आहे, तीन नव्हे.

## टप्पा ७: ओळीच्या शेवटी तोडताना

अरुंद स्तंभात किंवा हाताने लिहिताना शब्द ओळीअखेर तोडावा लागतो. पसंतीचा क्रम असा:

१. आधीच आडवी रेघ असेल तर तिथेच.
२. मोठ्या सांध्यावर.
३. जमत नसेल तर लहान सांध्यावर.
४. तेही नसेल तर पदाच्या आत, अक्षराच्या सीमेवर. दोन्ही तुकड्यांत स्वर हवा, आणि एकटं अक्षर ओळीवर टांगून ठेवू नका.

सांध्यातलं अक्षर नेहमी पूर्वपदाबरोबर वरच्या ओळीतच राहतं. ‘ओपहोल्ड्स-टिल्लाडेल्से’ बरोबर. ‘ओपहोल्ड-स्टिल्लाडेल्से’ चूक, आणि विनोदीही. ‘स्टिल्लाड्स’ म्हणजे बांधकामाची परांची, त्यामुळे पुढची ओळ वाचायला घेणाऱ्याला क्षणभर परांचीच दिसते.

संगणकावर लिहीत असाल तर दस्तऐवजाची भाषा डॅनिश निवडल्याशिवाय आपोआप शब्द तोडण्याची सोय चालू करू नका. इंग्रजीचे नियम लावून तो सांध्यातला ‘स’ खुशाल खाली ढकलतो.

## सराव: एक एक्कावन्न अक्षरी शब्द

लांब शब्दाचं उदाहरण म्हणून डॅनिशमध्ये हा हटकून दाखवतात, रोमन अक्षरं मोजली तर ५१ भरतात: ‘स्पेसिआललॅगेप्राक्सिसप्लानलॅग्निंग्सस्टाबिलिसेरिंग्सपेरिओडे’.

शेवटाकडून: ‘पेरिओडे’, काळ. म्हणून ‘एन’. त्याआधी ‘स्टाबिलिसेरिंग’, स्थिरीकरण, ‘इंग’ ने संपतं म्हणून ‘स’. त्याआधी ‘प्लानलॅग्निंग’, नियोजन, पुन्हा ‘स’, आणि पुढचं पद ‘स’ नेच सुरू होत असल्याने तिथे दोन ‘स’ शेजारी. त्याआधी ‘प्राक्सिस’, दवाखाना चालवणं, स्वतःच ‘स’ ने संपतं म्हणून काही नाही. सुरुवातीला ‘स्पेसिआललॅगे’, तज्ज्ञ डॉक्टर, दोन ‘ल’ सकट. सगळं मिळून तज्ज्ञ डॉक्टरांच्या दवाखान्यांच्या नियोजनाच्या स्थिरीकरणाचा काळ.

एवढा फोडता आला तर घरमालकाचं कुठलंही पत्र जड जाणार नाही. स्वतः लिहिताना मात्र असला शब्द बांधू नका. चार पदांच्या पुढे गेलात की मोठ्या सांध्यावर शब्द उघडा, शेवटचं पद पुढे आणा आणि ‘फोर’ किंवा ‘आफ’ सारखं शब्दयोगी अव्यय घालून बाकीचं मागे जोडा. व्याकरणात दोन्ही बसतं, आणि कचेरीतल्या डॅनिश माणसालाही दुसरंच वाचायला सोपं जातं.